कळवतो म्हणाले

माझा नातू अक्षत, त्याची मुंज झाली ते वर्ष, म्हणजे २०२३. त्याच उन्हाळ्यात त्याची थोरली बहीण शमिका हिची बेंगळुरूची नोकरी गेली. कंपनीने एका सकाळी निम्मा विभाग घरी पाठवला. शमिका बॅग घेऊन आई-बापाकडे बबीन्याला न जाता थेट आमच्याकडे, झाशीच्या सीपरी बाज़ारला आली. लहानपणी ती आमच्याजवळच वाढली. शिवाय माई, म्हणजे माझी बायको विजयालक्ष्मी, हिचं हृदय तेव्हा थकलं होतं.

"आता झाशीतूनच काम करणार," शमिका म्हणाली. "माईला सोडून नहीं जाऊँगी."

बँकांच्या संगणकात चोर शिरू नयेत, हे तिचं काम.

मी कारखान्यात उभा जन्म काढलेला. "मालकाला कुणी अट घालतं का ग?" मी म्हणालो. "आमच्या वेळी एका जागेसाठी फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग असायची."

"अभी भी असते, आबा. फक्त दिसत नाही."

बेंगळुरूच्याच दुसऱ्या कंपनीने मुलाखत ठेवली, लॅपटॉपवर. माईने तिला नवा कुर्ता घालायला लावला आणि पोहे केले. का केले, ते विचारायची सोय नव्हती. आम्ही दोघं दाराआड उभे राहिलो. मुलाखत चांगली चालली होती. पण झाशीतून काम करायचं म्हटल्यावर मुलाखत घेणारे आशुतोषजी थबकले. शेवटी हसून म्हणाले, "ठीक है शमिकाजी, हम आपको बता देंगे."

लॅपटॉप मिटला. माईने कपाळाला हात लावला. "संपलं. कळवतो म्हणाले."

"अगं माई, कळवतो म्हणजे कळवतील!"

"मला बघायला आलेले तीन जण कळवतो म्हणाले होते. अजून कळवतायत."

"और आबा?"

"यांनी पोहे परत मागितले. तेव्हाच कळलं."

शमिका हसून लोळायची बाकी होती. पण माई गंभीर होती. कळवतो ऐकलं की मुलीकडच्यांनी त्याच संध्याकाळी दुसरं स्थळ बघायचं, ही तिच्या माहेरची रीत. ती शमिकाच्या मागेच लागली. केवळ तिचं तोंड बंद व्हावं म्हणून शमिकाने नोएडाच्या एका छोट्या कंपनीला मुलाखत दिली. त्यांनी लगेच होकार दिला, घरून काम करायलासुद्धा.

आणि दोन दिवसांनी आशुतोषजींचा फोन. माई चुकली होती, त्यांनी खरंच कळवलं. नोकरी पक्की, पण राहायचं बेंगळुरूला.

शमिकाचा चेहरा पडला. काम तिला तिथलंच आवडलं होतं. माई शेजारून कुजबुजली, "सांग त्यांना, मुलगी दुसरीकडे ठरतेय."

"माई, चूप!"

"सांग ग!"

मी हातानेच नको नको म्हणत होतो. पण शमिकाने सांगितलं, अगदी सभ्य शब्दांत. मग आशुतोषजी म्हणाले, "कल तक का टाइम दीजिए."

दुसऱ्या दिवशी ते कबूल झाले. तीन महिन्यांतून एकदा जाऊन यायचं, एरवी झाशी.

"म्हणजे आता नोकऱ्यांचा बाज़ार तुमचा?" मी विचारलं.

"नाही आबा. माझ्याबरोबरच कामावरून काढलेली जाई अजून घरी बसलीय. बाज़ार उन्हींका है. माझं काम येणारे सध्या कमी आहेत, म्हणून माझं चाललं. उद्या पुष्कळ होतील, तेव्हा परत रांग."

"तेव्हाही दोन स्थळं बघ," माई म्हणाली आणि पोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवली.

पुढची दीड-दोन वर्षं पुढच्या खोलीत शमिकाचं काम चालायचं. माई पलंगावरून दर फोननंतर विचारायची, "कळवतो म्हणाले का ग?"

विजयालक्ष्मी २०२५ च्या माघात, वद्य पंचमीला सकाळी गेली. शमिका घरीच होती.