सोजराबाईचा क्ष

महाराष्ट्र राज्य होऊन चारेक वर्षं झाली होती. गावोगाव शाळा निघत होत्या आणि मास्तरणी मिळत नव्हत्या, म्हणून सातवी पास बाईलाही शाळेत नोकरी मिळायची. मोताळ्याच्या सोजराबाईने तिशीत सातवीच्या परीक्षेला बसायचं ठरवलं ते त्यासाठीच. नवरा उकंडराव भाजीपाला पिकवायचा. त्याने आडकाठी केली नाही. पण पहिल्या खेपेला ती गणितात नापास झाली.

बेरीज-गुणाकारात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शाब्दिक उदाहरण आलं की मात्र ती अडायची. आईचं वय मुलीच्या तिप्पट, बारा वर्षांनी दुप्पट होईल, तर आज मुलगी केवढी? हे वाचून तिला त्या मायलेकींचीच काळजी लागायची. त्या दोघींच्या घरातला बाप कुठे गेला?

शिकवणाऱ्या विमलबाईंनी पाटीवर मुलीच्या वयाला क्ष लिहिलं. सोजराबाई हटून बसली. "जे ठाऊक नाही, त्याले नाव कसं देऊ?"

विमलबाई उत्तर देणार, तोच सोजराबाईचा हात आपल्याच पोटावर गेला. पाचवा महिना होता. "पोटातल्याले आपण बाळ म्हणतोच ना बाई," ती हळूच म्हणाली. "पोरगा का पोरगी, कोणाले मालूम असते?"

मग मुलगी क्ष झाली, आई तीन क्ष झाली. दोघींत बारा-बारा मिळवून तिने समीकरण मांडलं. मुलगी बारा वर्षांची निघाली, आई छत्तीसची. त्या दिवसापासून दिसेल ते उदाहरण ती सोडवत सुटली.

परीक्षेला ती बुलढाण्याला गेली तेव्हा दिवस भरत आले होते. बाकावर नीट बसवत नव्हतं. शेवटचा प्रश्न हौदांचा होता. एकात दोनशे लिटर पाणी, त्यातून मिनिटाला पाच लिटर गळतं. दुसऱ्यात ऐंशी, त्यात मिनिटाला तीन भरतं. दोन्हींत पाणी सारखं कधी होईल?

पहिल्या हौदाची तोटी कोणी उघडी ठेवली, असं तिच्या मनात आलंच. तिने ते झटकलं आणि मिनिटांना क्ष मानलं. उत्तर आलं पंधरा. पडताळा घेतला, तर दोन्ही हौदांत सव्वाशे लिटर. पेन खाली ठेवताना तिला हसू आवरेना.

निकाल आला तेव्हा बाळ कुशीत होतं, आणि साऱ्या केंद्रात गणितात सोजराबाई पहिली होती. उकंडराव आठवडी बाजारात होता. तिथे निरोप पोचला, तसं त्याने तराजू बाजूला सारला.

"माही बायको मास्तरीण होऊन राह्यली," तो येईल त्याला सांगू लागला, आणि टोपलीतली वांगी त्याने ओंजळीओंजळीने वाटून टाकली.