विजयमालाबाईंचं पोट आणि मीनाक्षीचं स्थळ

जयपूरच्या छावणीत सुभेदार भीमरावांच्या बायकोचं, म्हणजे विजयमालाबाईंचं पोट त्यांच्या दोन पावलं पुढे चालायचं. बाईंची चाळिशी कधीच उलटलेली, पोरगी मीनाक्षी लग्नाची, तरी भेटेल ती बाई लाडात विचारायची, "कितवा गं?" मीनाक्षीचं पहिलं स्थळ त्यातच गेलं. "लग्नात व्याहीणबाईंचं डोहाळजेवण करायचं का?" म्हणत पाहुणे पोहे खाऊन, वर कांदा कमी होता असं सांगून गेले.

आता आदर्श नगरच्या प्रोफेसरांचा मुलगा सांगून आला होता. जयपुरात मराठी मुलगे सापडतात कुठे! हे स्थळ पोटापायी घालवायचं नाही, असं ठरवून बाईंनी सर्जन जनार्दन गाठले. ते साताऱ्याचे, म्हणजे बाईंच्या माहेरचेच.

"ताई, एक नवीन निघालंय, नळीनं चरबी ओढायची. पण तुमची कातडी सैल, रिकाम्या पिशवीसारखी लोंबेल. दुसरं छोटं ऑपरेशन. बेंबीखाली चीर देऊन जास्तीची कातडी काढायची. लवकर ताठ चालाल, पण बेंबीवरचं पोट तसंच राहील."

"आणि मोठं?"

"या कमरेपासून त्या कमरेपर्यंत चीर. आतले सैल स्नायू आवळून शिवायचे, बेंबी नव्या जागी बसवायची."

"बेंबी हलवायची?"

"बदली झाली समजा."

फौजीच्या बायकोला बदलीचं काय! "मोठंच करा भाऊ. वरचं ठेवलंत तर बायका वरच्यावरून विचारतील."

"बरेच दिवस पट्टा बांधून वाकून चालावं लागेल हां."

"पाहुणे यायला अजून दोन महिने आहेत."

ऑपरेशन झालं, आणि पाहुणे पंधरा दिवसांतच आले. मुलाच्या आत्या, भीमाबाई, गावी परतायच्या होत्या आणि त्यांच्या पसंतीशिवाय त्या घरात पडदासुद्धा शिवत नसत.

विजयमालाबाई काटकोनात वाकून बाहेर आल्या. पोट सपाट, पण पोटावर घट्ट पट्टा, थंडी म्हणून कानाला स्कार्फ, जवळ शेगडी. भीमाबाईंनी गावातली निम्मी बाळंतपणं निस्तरलेली.

"अगंबाई! कधी मोकळी झालीस? मुलगा का मुलगी?"

"तसलं नाही हो. पोट बारीक करून घेतलंय."

"पोट म्हणजे काय ब्लाउज आहे, आल्टर करायला?"

"आत्याजी, सच्ची," मीनाक्षी काकुळतीला आली. "मतलब, मम्मीला बाळ नाही झालं."

"तू गप गं. लाज वाटते होय भावाची?"

भीमाबाईंनी भीमरावांकडे पाहिलं. बायकांच्या पोटावर चारचौघांत काय बोलायचं, म्हणून ते लाजून पंख्याकडे बघत बसले. झालं, आत्याबाईंची खात्रीच पटली.

चार दिवसांनी प्रोफेसरांकडून बाळंतविडा आला. झबलं, टोपडं, डिंकाचे लाडू आणि सोबत निरोप: मुलगी चांगली आहे, पण घरात तान्हं पोर असताना ती संसारात मन घालणार नाही.

मीनाक्षी उशीत तोंड खुपसून रडत होती. विजयमालाबाईंना रडायचीही सोय नव्हती, हुंदका आला की टाके ओढायचे. तेवढ्यात दार वाजलं. छावणीतल्या बायका बाळ बघायला आल्या होत्या.