पाचरीसारखी गाडी

नागापूर एमआयडीसीत बिभीषणचं फायबरचं वर्कशॉप होतं. लग्नातले रथ, देवळांचे कळस, पाण्याच्या टाक्या, सांगाल ते तो घडवायचा. एका युरोपियन मोटार कंपनीचं शोरूम नगरात निघायचं ठरलं, तेव्हा तिथला मॅनेजर त्याच्याकडे फोटो घेऊन आला. कंपनीनं गेल्या पन्नास वर्षांत बनवलेल्या कन्सेप्ट गाड्यांचे फोटो होते ते. सत्तरच्या दशकातली पाचरीसारखी चपटी, नव्वदची फुग्यासारखी गोल आणि हल्लीची, जिला स्टिअरिंगच नव्हतं. उद्घाटनाला मांडायला त्याच मापाच्या प्रतिकृती हव्या होत्या.

"यातली रस्त्यावर कंची आली?" बिभीषणनं विचारलं.

"एकही नाही. पुढं गाड्या कशा असतील, हे लोकांना दाखवायला करतात."

"म्हंजे पन्नास वर्षं नुसतं दाखवत्यात?"

"त्यालाच व्हिजन म्हणतात," मॅनेजर म्हणाला.

बिभीषणला ते काही पटलं नाही, पण पाचरीसारखी गाडी त्याच्या मनात भरली. त्यानं आधी तीच केली. चंदेरी रंग दिला, काळ्या काचा बसवल्या. बायको सुरेखा डबा घेऊन आली, ती गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "हिच्यात बसायचं का निजायचं?"

गाडी वाळते न वाळते तोच शोरूमचा बेत बारगळला. मॅनेजरचा फोन लागेना. गाडी फाटकापाशी उभी राहिली आणि तिथंच ती आप्पासाहेबांच्या नजरेला पडली. आप्पासाहेब श्रीगोंद्याकडचे बडे बागायतदार. त्यांना नाही म्हणणारं माणूस तालुक्यात उरलं नव्हतं.

"ही आमाला पायजे," ते म्हणाले.

"साहेब, ही इकायची न्हाई. कंपनीनं रस्त्यावर काढलीच न्हाई, नुसती दाखवायची हाय."

"आमच्या कोपरगावच्या व्याह्यांनी सांगून ठेवली का?"

"तसं न्हाई. हिच्यात इंजिनच न्हाई."

"इलेक्ट्रिक हाय व्हय," आप्पासाहेबांनी मान डोलावली.

"आवो, नुसतं खोकं हाय हे."

आप्पासाहेब हसले. एवढी लपवाछपवी चालली आहे म्हणजे माल अस्सल असणार, हे त्यांनी ओळखलं. दुसऱ्याच दिवशी पैसे घेऊन त्यांचा ट्रक गाडी न्यायला आला. बिभीषणला चैन पडेना, म्हणून तोही ट्रकमध्ये चढून बसला.

बंगल्यापुढं मांडव होता, हलगी कडाडत होती, कोपरगावचे व्याही मुद्दाम आले होते. आप्पासाहेबांच्या पत्नी बनुबाई आरतीचं ताट घेऊन पुढं झाल्या. कुंकू लावताना त्यांच्या बांगड्या बॉनेटवर आपटल्या आणि रिकाम्या टाकीसारखा आवाज आला. आप्पासाहेब दार उघडायला गेले. दार नव्हतंच. त्यांनी एका बाजूनं हात फिरवला, मग दुसऱ्या बाजूनं.

"एक चक्कर मारा की," व्याही म्हणाले.

हलगी थांबली. आप्पासाहेबांनी बिभीषणकडे पाहिलं. आता चारचौघांत आपली सालटी निघणार, असं वाटून बिभीषण दोन पावलं मागं सरकला. त्यानं खाली बघितलं.

पण आप्पासाहेब वळले आणि जमलेल्या गावाकडं तोंड करून शांतपणे म्हणाले, "ही चालवायची गाडी न्हाई. फुडच्या काळातली हाय. कंपनीनं सुद्धा अजून रस्त्यावर काढलेली न्हाई."

यातला शब्द न् शब्द खरा होता. लोकांनी माना हलवल्या. हलगी पुन्हा सुरू झाली, पोरीबाळी गाडीला टेकून फोटो काढू लागल्या. ड्रायव्हर वाल्मिकला रोज सकाळी ती पुसायचं काम लागलं. आप्पासाहेब खुर्चीत बसले, घाम पुसला आणि बिभीषणला आपल्या शेजारी जेवायला बसवलं. पंगतीत त्याच्या पानात दोनदा जिलेबी वाढायला लावली.

जेवण झाल्यावर हात धुताना व्याही त्याच्या शेजारी आले.

"आमची हिच्यापेक्षा नवी पायजे. ट्रकवाला सांगत हुता, ते स्टिअरिंग नसलेलं बी काय तरी करतोस म्हनं तू."

तिच्यातही काही नसतं, हे सांगायला बिभीषणनं तोंड उघडलं. मग नळ बंद केला आणि विचारलं, "रंग कंचा देऊ?"