सुटलेल्या दोऱ्याएवढी ज्वाळा

तपासनीसांनी दुसरा फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर टेकवला, अर्धा फिरवला, आणि त्यांना ते पत्र आठवले. हात तिथेच थांबला.

उत्तर न दिलेले पत्र होते ते. नऊ वर्षे झाली होती. निळ्या शाईतले बारीक, उभे अक्षर, एकच कागद, आणि अगदी तळाशी एक ओळ : "त्या दिवशी मला तिथे काहीच दिसले नाही. आपल्या दोघांपैकी कोणाचे चुकले असावे?" बाकीचा मजकूर आता धूसर झाला होता, पण ही ओळ तोंडपाठ होती. दाढी करताना, कुठे रांगेत उभे असताना ती न बोलावता यायची.

"बसला का हो?" जिन्यातून बायकोचा आवाज आला.

"बसतोय."

"सकाळपासून बसतोयच. त्याला म्हणावं, आता ऊठ."

तपासनीस हे काही त्यांचे नाव नव्हे. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली म्हणून लोक तसे म्हणू लागले, आणि नोकरी सुटली तरी नाव सुटले नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल थोडा तरी भरवसा असावा. यांचे उलटे होते. चूक कुठेतरी असणारच आणि ती आपलीच असणार, हे ते धरूनच चालत.

निवृत्तीनंतर त्यांनी ही दुर्बीण घेतली. ती फक्त सूर्याची. तिच्यातला फिल्टर सूर्याचा सगळा उजेड अडवतो आणि लाल रंगाची केसाएवढी पट्टी तेवढी आत सोडतो. मग ज्याच्याकडे डोळा वर करून बघायची सोय नाही, तो सूर्य एक शांत लाल चकती होऊन समोर येतो आणि तिच्या कडेला बारीक ज्वाळा उठलेल्या दिसतात. तपासनीस रोज सकाळी त्या पेन्सिलीने काढून घेत. चौदा वह्या भरल्या. हौशी निरीक्षकांच्या मंडळाची एक पत्रिका निघे. फार भीड पडली म्हणून त्यांनी तिच्याकडे एक चित्र पाठवले. उजवीकडे, खालच्या अंगाला, सदऱ्याच्या बटणाचा दोरा सुटावा तशी एक ज्वाळा.

चित्र छापून आले, आणि पंधरा दिवसांनी ते पत्र. दूरच्या गावी घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका बाईंचे. त्याच दिवशी, त्याच वेळी त्याही सूर्य पाहत होत्या.

तपासनीसांनी शेवटची ओळ वाचली तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. कागदाची घडी घालून त्यांनी तो जाड शब्दकोशात सारला. घड्याळजीची नजर! तिच्यापुढे आपण कोण? आणि ही एक ज्वाळा जर खोटी, तर चौदा वह्यांतल्या बाकीच्या कशावरून खऱ्या? पंधरावी वही कोरीच राहिली. पाहणे सुटले नाही. काढणे सुटले.

दुसरा फिल्टर त्यांनी मागितलेला नव्हता. मंडळातल्या एका डॉक्टरांची नजर अधू झाली, आणि त्यांनी आपला तो यांच्या हवाली केला. म्हणाले, एकावर एक दोन लावा, सूर्य कोरून काढल्यासारखा दिसेल. पण या फिल्टरचे आटे दुर्बिणीच्या तोंडाला बसेनात. मग कोपऱ्यावरच्या, लेथवर कातारकाम करणाऱ्याकडून झाकणासारखे बसणारे एक पितळी कडे करून घेतले. लावून पाहिले तर खऱ्या सूर्याशेजारी एक फिकट सूर्य. तपासनीस मुकाट्याने दुर्बीण काखेत मारून पुन्हा कातारीकडे गेले होते.

"दोन दिसतात," ते हळूच म्हणाले. "माझे डोळेच..."

कातारीने यंत्र बंद केले आणि हात फडक्याला पुसले.

"तपासनीस, न्हाव्याच्या खुर्चीत बसलाय ना कधी? पुढे आरसा, मागे आरसा, आणि मधे आपली पन्नास डोकी. तुमच्या काचा तशाच समोरासमोर उभ्या आहेत. एकीला जरा मान वाकडी करायला सांगा."

"म्हणजे डोळ्यांचं नाही?"

"तुम्हाला नेहमी डोळ्यांचंच वाटतं. परवा माझ्या दारावर आपटलात, तर दाराची माफी मागितलीत!"

मान वाकडी करण्यासाठी त्यांनी काल एका जुन्या मुद्रिताची चिंधीएवढी पट्टी कापली, दोनदा दुमडली, आणि कड्याच्या एका अंगाला चिकटवली. आज फिल्टर त्या पट्टीवर टेकून बसत होता. त्यांनी श्वास सोडला, कडे नीट दाबले, डोक्यावर काळे फडके ओढले आणि डोळा लावला.

फिकट सूर्य बाजूला सरकून दिसेनासा झाला होता. आणि खरा सूर्य असा होता, की तपासनीस थोडा वेळ काही न करता नुसते उभे राहिले. इतके दिवस जे लाल शेवाळासारखे दिसायचे, त्याची आज वीण दिसत होती. काळपट रेघा, त्यांना फुटलेल्या बारीक रेघा, एका डागाभोवती वळसा घेऊन गेलेले भोवरे. स्वच्छ छापलेल्या पहिल्या पानासारखे. त्यांना हसू आले. फडक्याखाली कोणी बघत नव्हते, म्हणून ते पोटभर हसले.

मग सवयीने नजर कडेवरून फिरली. कड गुळगुळीत होती. वरच्या अंगाला दोन जाड ज्वाळा मंद दिसत होत्या, बाकी काही नाही. तुलना करावी म्हणून त्यांनी वरचा फिल्टर काढला. दुर्बिणीच्या मूळच्या फिल्टरला ते कधीच हात लावत नसत. पुन्हा डोळा लावला.

उजवीकडे, खालच्या अंगाला, पुन्हा तसाच एक सुटलेला दोरा.

वरचा फिल्टर लावला. दोरा नाही. काढला. आहे.

काचेवर केस असेल, असे पहिल्यांदा मनात आले. दुसऱ्यांदा आले ते नेहमीचेच. पण या खेपेला ते जिन्याशी गेले आणि वाकून म्हणाले, "अगं, जरा वर येतेस का?"

बायको ओले हात पदराला पुसत आली.

"कडेला काही दिसतंय का, एवढंच सांग."

"काय दिसायला हवं?"

"ते सांगितलं तर तू तेच पाहशील."

"पंचेचाळीस वर्षांत तुम्ही दाखवलेलं मी कधी पाहिलंय?" ती म्हणाली आणि फडक्यात शिरली. मग आतून म्हणाली, "हे बघा, तुमच्या सूर्याचं बटण निघायला आलंय. खाली, उजवीकडे. दोरा लोंबतोय."

तपासनीसांनी वरून फिल्टर लावला.

"अहो! तोडलात का?"

"नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच वेगळा वाटला. "आहे तिथेच आहे. खालून माझी पेन्सिल आणशील?"

ती पेन्सिल घेऊन आली, आणि सोबत पंधरावी वहीही. ती वही इतकी वर्षे कुठे होती, हे त्यांनी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. ज्वाळा कोणासाठी थांबत नाहीत. त्यांनी पहिल्या पानावर शेजारी शेजारी दोन वर्तुळे काढली. एकात दोरा, एकात नाही. खाली वेळ घातली. रेघ नीट आली.

कारण त्यांना ठाऊक होते. पुस्तकात कधीच वाचलेले होते. ज्वाळेतला वायू वेगाने धावत असला, की त्याच्या उजेडाचा रंग केसभर सरकतो. एका फिल्टरला तेवढे चालते. एकावर एक दोन लावले की पट्टी फारच अरुंद होते. चित्र रेखीव येते, पण जे जरा सरकलेले असते ते बाहेर राहते. वाचले होते, समजलेही होते. फक्त त्या पत्राच्या जवळ तो विचार त्यांनी कधी जाऊ दिला नव्हता.

घड्याळवाल्या बाईंकडे त्या दिवशी दोन फिल्टर असले तर?

खाली येऊन त्यांनी शब्दकोश काढला. नऊ वर्षांनी घडी उलगडली. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, छापखान्यात वाचत तसे वाचले. दुर्बिणीबद्दल एक अक्षर नव्हते. शेवटची ओळ आली. कान तापायची वाट पाहिली, तापले नाहीत. कागद खिडकीसमोर होता. उजेडात, निळ्या ओळींच्या मधून, उलट्या निळ्या ओळी दिसत होत्या.

तपासनीस खाली बसले.

छापखान्यात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ते पहिला धडा एकच देत : कागद कोरा दिसला तरी उलटून बघ. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतः एकही कागद न उलटता सोडला नव्हता.

त्यांनी तो उलटला.

"...माझे, असे मला वाटते. मी त्या दिवसाच्या आठवडाभर आधी दोन फिल्टर एकावर एक बसवले होते. चित्र फार देखणे दिसते, पण ते काहीतरी गिळते आहे अशी शंका येते. इथे विचारावे असे कोणी नाही. आपण एकच वापरता ना? ज्वाळा खरी होती, एवढे कळवलेत तर माझा जीव भांड्यात पडेल. माझा माझ्या डोळ्यांवर फारसा विश्वास नाही. दोन ओळी पुरेत."

बायकोने त्यांच्या खांद्यावरून वाचले. तिला वाचायला वेळ लागला नाही.

"बिचारी," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "तुमच्यासारखीच दिसतेय."

"मी खरा ठरलो म्हणून कळवणार होतो," तपासनीस म्हणाले.

"मग आता काय कळवाल?"

त्यांनी कागद पुढे ओढला. टेबलाशी बसून पहिला मसुदा लिहिला, त्यात सतरा ठिकाणी काट मारली आणि फाडला. दुसऱ्यात माफीच दीड पान झाली. तोही गेला.

"पत्ता तोच असेल का?" ते मधेच म्हणाले.

"घड्याळाचं दुकान आहे ते. दुकानं माणसांसारखी उठून जात नाहीत."

"नऊ वर्षं झाली गं."

"मग आता शुद्धलेखन किती वेळ तपासणार? दोन ओळी मागितल्यात तिनं. जेवायला या."

जेवणाआधी त्यांनी दोन ओळी लिहिल्या. "ज्वाळा खरी होती आणि आपली शंकाही. मी एकच फिल्टर वापरत होतो. आज दोन लावले तेव्हा कळले." थोडा विचार करून तिसरी जोडली : "आपले पत्र मी आजवर अर्धेच वाचले होते." कागद उलटून त्यांनी वहीतली दोन वर्तुळे पाठीवर उतरवली, दोऱ्यासकट आणि दोऱ्याविना. मग पुन्हा पुढच्या बाजूला येऊन, अगदी तळाशी, ठळक अक्षरांत लिहिले "मागे पाहा", आणि खाली दोन रेघा मारल्या.

दुपारी उन्हातच ते टपालपेटीशी गेले. पाकीट टाकले, आणि ते फटीत अडकले तर नाही ना म्हणून दोन बोटे आत घालून पाहिले. बोटांना काही लागले नाही.