उजवीकडून वजा

जगदेवप्पांनी फळ्यावर 'ऋण दहा' लिहिलं आणि खडूची बोटं धोतराला पुसली.

हळ्ळीखेडात त्यांच्या गणिताची कीर्ती मोठी. त्यांनी एकदा कावळ्याच्या कावकावीचं वर्गमूळ काढलं, आणि कावळा पुढे आठवडाभर मुळापुरतंच ओरडला म्हणे. आज मात्र परीक्षा त्यांचीच होती. निजामाचं राज्य गेलं, त्यामागून शाळेतली उर्दूही गेली. मराठीतून गणित शिकवायला जागा एकच, आणि शिक्षक दोन: ते आणि रुद्रम्मा.

तपासनीस हणमंतरावांनी फळ्यावर दोन राशी मांडल्या होत्या. डावीकडे क्षचा वर्ग, उजवीकडे कंसात क्ष अधिक दहा, मध्ये वजाची रेघ. क्षची किंमत पाच.

"बरोबर," हणमंतराव आपल्या कागदाशी ताडून म्हणाले. "आता तुम्ही, बाई."

रुद्रम्मानं जगदेवप्पांचं उत्तर पुसलं आणि 'दहा' लिहिलं.

"चूक."

"चूक कामून, साहेब? पंचवीसातून पंधरा गेले."

"पंधरातून पंचवीस जातात, बाई. जगदेवप्पांना विचारा. आम्ही दोघं एकाच मौलवीसाहेबांच्या हाताखालचे."

जगदेवप्पा हसले. हसू पुरतं ओठांवर आलं नव्हतं, तोच रुद्रम्मानं फळ्यावर बोट ठेवलं आणि डावीकडून वाचायला सुरुवात केली, पोरींना शिकवावं तशी.

"क्षचा वर्ग. वजा. कंसात क्ष अधिक दहा."

बोट सरकत गेलं, तसे जगदेवप्पांचे डोळेही सरकले. मौलवीसाहेब उर्दूत सगळं उजवीकडून मांडत. अक्षरं बदलून तीन वर्षं झाली. डोळे मात्र अजून त्याच टोकाला उभे होते.

"आमच्या घरी मराठी डावीकडनंच वाचत्यात, साहेब," रुद्रम्मा हळूच म्हणाली, आणि बाकावर जाऊन बसली.

हणमंतरावांनी टाक दौतीत बुडवला. "जागा जगदेवप्पांची."

जगदेवप्पांना घरी जाऊन एवढंच सांगायचं होतं. सकाळपासून घरी सगळे त्याचीच वाट बघत होते.

ते उठले.

"साहेब, सही जरा थांबवा. मला एकदा त्या टोकाकडून वाचू द्या."

"आपली पद्धत विसरायलाव व्हय, अप्पा?" हणमंतरावांचा आवाज खाली आला. समोरचा उत्तरांचा कागद त्यांनी सावकाश पालथा घातला.

जगदेवप्पांनी खडू उचलला. हात सवयीनं उजवीकडेच गेला. त्यांनी तो डाव्या हातानं मनगटाशी धरला आणि फळ्याच्या दुसऱ्या टोकाला नेला.