कालवड गढीवर चढली त्या दिवशी

आमच्या क्लेअर परगण्यात कुणाच्या शेतात नुसता खडक असतो, कुणाच्या शेतात गढी. डिंपना कन्सिडाइनच्या मागच्या कुरणातली गढी अर्धीअधिक ढासळलेली. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा सासूनं बजावलं होतं, "वर जायचं नाही. दगड सुटलेत." पुढे सासू गेली, नवरा गेला, डिंपना काही वर गेली नाही. गुराढोरांतून सवड कुणाला होती?

गेल्या जूनमध्ये माश्यांना कंटाळून तिची तांबडी कालवड गढीत शिरली आणि गोल जिन्यानं थेट वरच्या दालनात जाऊन उभी राहिली. गुरं जिना चढतात, उतरत मात्र नाहीत. हंबरणं ऐकून डिंपनानं शेजारच्या फिंटन हेहिरला बोलावलं.

फिंटन वर बघून हसत सुटला. "डिंपनाबाई, कालवड राणीसाहेब झाली की तुमची! आता कशाला येतेय खाली?"

"दात नंतर काढ. आधी तिला उतरव."

"जिन्यानं आणली तर पाय मोडेल. मागची भिंत पडलीय, तिथं गवताचे गठ्ठे रचून उतार करतो. पण तोवर कुणीतरी तिच्यापाशी थांबायला हवं. बिथरून उडी मारली तर संपलंच."

"कुणीतरी म्हणजे मीच ना?"

"मग ट्रॅक्टर तुम्ही चालवता का?"

फिंटननं जिन्यात बांधलेल्या दोराला धरून, पुटपुटत ती चढली. कालवडीची मान खाजवत खिडकीतल्या दगडी बाकावर बसली. खाली फिंटनच्या खेपा चालू होत्या. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून तिनं वर पाहिलं.

कमानदार छताच्या चुन्यात लवचीक फोक विणून केलेल्या तट्टीचे ठसे होते. कमान बांधताना खाली आधाराला तट्ट्या लावल्या असणार. त्या कधीच कुजून गेल्या, पण एकेक फोक चुन्यात उमटून राहिला होता. डिंपनाचा बाप टोपल्या विणायचा. बाकावर उभी राहून ती ठशांवरून बोट फिरवू लागली. एक वरून, एक खालून. एका जागी विणकर चुकला होता. लागोपाठ दोन फोक वरूनच गेले होते. बापानं सगळं उसवायला लावलं असतं. इथं कुणी लावलं नव्हतं.

शाळेत तिनं गढीच्या सरदारांची नावं पाठ केली होती. या माणसाबद्दल कुणी बोललं नव्हतं. ती किती तरी वेळ तशीच उभी राहिली.

संध्याकाळी उतार तयार झाला. कालवड दोनदा अडली, मग घसरत, धडपडत खाली आली आणि काहीच न घडल्यासारखी चरू लागली.

"उद्या दाराला फाटक ठोकतो," फिंटन म्हणाला.

"ठोक. कुलूप मात्र नको. आणि जरा वर चल, काहीतरी दाखवायचंय."

"अहो, पोटात कावळे ओरडतायत!"

"ओरडू देत."

तो कुरकुरत चढला. चुकलेल्या जागेवर तिनं त्याचं बोट नेऊन ठेवलं. तो ठशांवरून पुढे बोट फिरवत गेला.

"आमच्या शेतातल्या गढीतही असेल का असं?"

"तू कधी बघितलं नाहीस?"

"लहानपणी पारव्यांची अंडी शोधत फिरायचो. छताकडे कोण बघतंय!"

खाली कुरणाच्या फाटकाशी गाई धारेसाठी खोळंबल्या होत्या. तो पुढे उतरला आणि जिथं पायरी झिजली होती तिथं तिच्यासाठी हात पुढे करून थांबला.