फ्लॉसीच्या खाटेची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे, मित्रांनो. मुठीत मावेन एवढी आणि कडेला झिजलेली. आगाशीच्या बाजारातल्या एका कारागिराने मला घडवले. जवळच्या नंदाखाल गावातल्या एका बागायतदाराने मला रहाटाच्या बैलाच्या गळ्यात बांधले. बैल विहिरीभोवती फिरे, मी वाजत राही आणि केळीला पाणी जाई. मी गप्प झाले की रहाट थांबला, हे मालकाला घरबसल्या कळे. पुढे विजेचा पंप आला. बैल विकला गेला आणि मी पडवीतल्या खुंटीवर सहा वर्षे धूळ खात राहिले.

एकोणीसशे एक्क्याऐंशी साली मालकाचा मुलगा हिलरी याने मला खाली उतरवले.

त्याची मुलगी फ्लॉसी तेव्हा पाच वर्षांची होती. भारी बोलकी आणि हट्टी. तिला मिरगीचा मोठा त्रास होता. रोज गोळ्या घेऊनही आठवड्यातून दोन-तीनदा फिट येई, तीही बहुधा झोपेत. तिची आई रेजिना रात्रभर तिचे मनगट धरून पडून राही. एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि हात भाजला. फ्लॉसीला तपासणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तो हात पाहिला.

"तुम्हीच आजारी पडलात तर हिच्याकडे कोण बघेल?" त्या म्हणाल्या. "दोघांनी पाळीपाळीने झोपा. आणि खाट हादरली की जाग येईल, असं काहीतरी करा."

घरी येताच हिलरीने मला चिंचेने घासले आणि फ्लॉसीच्या खाटेला बांधले. "रहाट थांबला की ही गप्प व्हायची," तो म्हणाला. "आता खाट हादरली की बोलेल."

पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना फार पळवले. मांजराने खाटेवर उडी मारली तरी मी वाजे. फ्लॉसीला तर खेळच मिळाला. भूक लागली, मला हलव. गोष्ट हवी, मला हलव. शेवटी हिलरीने दोरी आखूड केली. मग मी फक्त जोराच्या हादऱ्यालाच वाजू लागले.

शेजारच्या नर्मदावहिनी मायाळू, पण फिट आली की हुंगवायला कांदा घेऊन धावत. रेजिनाने त्यांना डॉक्टरीणबाईंचे म्हणणे समजावले. कुशीवर वळवायचे, गळ्याशी सैल करायचे, तोंडात काही घालायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघायचे. पाच मिनिटांत थांबली नाही, तर तडक डॉक्टर. हे सारे कागदावर लिहून घड्याळाखाली चिकटवले. पलीकडच्या फर्डिनंडचा टेम्पो होता. तो रोज रात्री टेम्पोचे तोंड रस्त्याकडे करून ठेवू लागला.

एका रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सगळ्यांनी तालीम केली. फ्लॉसी खाटेवर मुद्दाम थरथरली, मी वाजले, नर्मदावहिनी धावल्या, फर्डिनंडने टेम्पो सुरू केला. फ्लॉसी कुशीवर पडून खुदखुदत होती. "मी नीट केलं का?" तिने विचारले.

"इतकं नीट, की माझंच काळीज धडधडलं," नर्मदावहिनी म्हणाल्या.

ती तालीम महिन्याभरात कामी आली. हिलरी रात्रपाळीला गेला होता. पहाटे मी वाजू लागले ती थांबेचना. रेजिना उठली, तिने फ्लॉसीला कुशीवर वळवले आणि घड्याळ पाहिले. नर्मदावहिनी आल्या, त्यांच्या हातात कांदा नव्हता. तीन मिनिटे झाली. चार झाली. रेजिनाचे ओठ प्रार्थना पुटपुटत होते, पण नजर काट्यावरून हलली नाही.

"पाच," ती म्हणाली. "फर्डिनंडला हाक मारा."

टेम्पोत फुलांच्या टोपल्या होत्या. त्यांच्यामध्ये फ्लॉसीला कुशीवर घेऊन दोघी बसल्या. आगाशीच्या डॉक्टरांनी दार उघडून लगेच इंजेक्शन दिले आणि थोड्या वेळाने झटके थांबले.

"वेळ पाहून आणलंत, म्हणून मला पुढचं ठरवता आलं," डॉक्टर म्हणाले.

दुपारी फ्लॉसी जागी झाली. तिच्या केसांत मोगऱ्याच्या कळ्या अडकल्या होत्या. "माझं लग्न होतं का?" तिने विचारले, आणि रेजिना कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली.

औषध बदलले. फिट कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. मी कामावरच होते. मग एके दिवशी नर्मदावहिनी दारात उभ्या राहिल्या. "आज फ्लॉसी आमच्याकडे झोपेल. गोळ्या द्या, तो कागद द्या आणि घंटाही द्या."

रेजिना घुटमळली. आजवर फ्लॉसीला रात्री ठेवून घ्यायला नातेवाईकही धजावले नव्हते. फ्लॉसी मात्र उशी घेऊन केव्हाच कुंपणापलीकडे पोहोचली होती.

मित्रांनो, अशा मुलाच्या शेजारी राहत असाल, तर कीव करत बसू नका. काय करायचे ते शिकून घ्या, आणि त्याच्या आईबापांना एक रात्र निवांत झोपू द्या.

त्या रात्री मी एकदाही वाजले नाही. सकाळी नऊ वाजले तरी रेजिनाचे दार बंदच होते. फ्लॉसी ते ठोठावायला निघाली, तेव्हा नर्मदावहिनींनी तिला हळूच मागे ओढले. "झोपू दे गं," त्या म्हणाल्या. "चल, आधी भाकरी खाऊ."